मीटर तपासनिसाचं मीटर

माझ्या थोरल्या भावानं चौतीस वर्षं लोकांच्या घरची विजेची मीटरं तपासली. वीज कंपनीच्या तपासणी विभागात खिडकी नसलेली एक लांबट खोली होती. तिथं भिंतीला ओळीनं मीटरं टांगलेली असायची आणि त्यांच्यासमोर स्टुलावर दादा बसलेला असायचा. मीटर जास्त पळतंय अशी तक्रार आली की ते मीटर या खोलीत यायचं. दादा त्याला तासन्‌तास जोडून ठेवायचा, प्रमाण मीटरशी ताडून बघायचा आणि मग कागदावर एकच ओळ लिहायचा. बहुतेक वेळा मीटर बरोबर निघायचं. तक्रार करणारा समोर थयथयाट करत असला तरी दादा मान वर करत नसे. "मीटर खोटं बोलत नाही," एवढंच म्हणायचा. "खोटं बोलायला जीभ लागते."

मग तो मीटरला शिशाचं सील लावायचा, चिमट्यानं दाबून. सीलवर त्याचा नंबर उमटायचा. त्याचं सील असलं की वरचे साहेबसुद्धा ते मीटर पुन्हा उघडून बघत नसत. निवृत्तीच्या दिवशी त्यानं दोन वाक्यांचं भाषण केलं, त्यातलं एक या सीलबद्दल होतं. कचेरीत सगळे त्याला 'काटा' म्हणत. समोर कुणी म्हणायचं नाही, पण त्याला ते माहीत होतं आणि आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

मी त्याची धाकटी बहीण. एकतीस वर्षं इस्पितळात परिचारिका होते, शेवटची दहा वर्षं वॉर्डची मुख्य. नवरा गेल्यावर दादाकडे राहायला आले. वहिनी आधीच गेली होती. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आम्ही राहिलो, पण खणखणाट रोज व्हायचा. सहासष्ट वर्षांची झाले तरी त्याच्या लेखी मी छोटीच, आणि त्याला सरळ तोंडावर बोलणारी मी एकटीच उरले होते.

मधल्या खोलीत त्याचं टेबल होतं. त्यावर रेडिओ सेट, माइक, एक वही. हौशी रेडिओचा छंद त्याला तरुणपणापासून. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि घरात बसून शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, असा तो छंद. इमारत पाच मजली, आम्ही तळमजल्यावर. गच्चीवर दोन खांबांच्या मधे अँटेनाची तार ताणलेली, आणि तिथून एक जाड काळी केबल बाहेरच्या भिंतीवरून आमच्या खिडकीपर्यंत उतरलेली. ही सगळी मांडणी त्यानं स्वतःच्या हातानं केली होती. गच्चीवर जिथं तार आणि केबल जोडली जातात, त्या जोडाच्या डबीलाही त्यानं आपलं शिशाचं सील लावलं होतं. मी तेव्हा खूप हसले होते. "कावळे उघडतील म्हणून का रे?"

रोज सकाळी साडेसहा वाजता तो मास्तरांशी बोलायचा. मास्तर म्हणजे दोन दिवसांच्या प्रवासावर, डोंगराच्या पायथ्याशी राहणारे एक निवृत्त शिक्षक. बायको नाही, मुलगी लांबच्या शहरात. दोघं बावीस वर्षं बोलत होते आणि एकदाही भेटले नव्हते. फोन नंबरसुद्धा घेतला नव्हता. मास्तर म्हणायचे, "फोन काय, कुणीही कुणालाही करतं." आधी दोघं एकमेकांना आपापल्याकडचं तापमान सांगत, मग आवाज कसा येतोय ते सांगत, मग कुणाचा कुठला स्क्रू सैल झालाय ते. दोन शहाणीसुरती माणसं भल्या सकाळी उठून एकमेकांना तापमान सांगतात, याची मी पुष्कळ टिंगल केली आहे. पण वहिनी पहाटे गेली त्या दिवशी दादानं मला फोन केला नऊ वाजता. मास्तरांना साडेसहालाच सांगितलं होतं. त्याचा राग माझ्या मनात बरीच वर्षं होता, हे कबूल केलेलं बरं.

थंडीच्या सुरुवातीला एके सकाळी मास्तर म्हणाले, "मीटरवाले, तुमचा आवाज हल्ली फार बारीक येतो. अँटेना एकदा बघून घ्या."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. दादाला असं कुणी सांगणं म्हणजे न्हाव्याला कुणी केस कसे कापायचे ते शिकवण्यासारखं. सेट आणि केबलच्या मधे त्याचं एक जुनं मीटर होतं, दोन काट्यांचं. एक काटा सेटमधून किती शक्ती निघाली ते दाखवतो, दुसरा त्यातली किती माघारी आली ते. हे त्यानंच मला समजावलं होतं. अँटेनात बिघाड असला की शक्ती वर जात नाही, भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखी परत येते. काहीच परत आलं नाही तर त्याला एकास एक म्हणतात, म्हणजे पैकीच्या पैकी गुण. त्या सकाळी त्यानं मीटर पाहिलं आणि माइक तोंडाशी धरून म्हणाला, "माझ्याकडे एकास एक आहे, मास्तर. शंभर वॅट निघतायत, परत काही येत नाही. मीटर खोटं बोलत नाही. तुम्ही तुमचे कान तपासा."

 मग मास्तर म्हणाले, "बरं."

पुढचे काही आठवडे मास्तर "पुन्हा सांगा" असं जास्त म्हणू लागले. मग एका सकाळी त्यांनी दादाला तीन वेळा हाक मारली, दादानं तीन वेळा उत्तर दिलं, आणि मास्तर म्हणाले, "नाही. काही नाही." त्या दिवसापासून हे रोजचं झालं. मास्तर साडेसहाला हाक मारायचे, दादा इकडून ओरडायचा, मास्तरांना ऐकू जायचं नाही. दादाला मात्र मास्तर ऐकू येत. त्यांचाही आवाज पूर्वीपेक्षा खालीच होता, पण दादानं सेटची कळ फिरवून मोठा केला होता. "त्यांचा सेट म्हातारा झालाय," असा त्याचा निकाल.

पहिले पंधरा दिवस तो म्हणाला, मास्तर बहिरे झाले. म्हणताना थोडा खूशही होता, खोटं कशाला बोलू. मग त्यानं मास्तरांना दुसऱ्या लोकांशी बोलताना ऐकलं. त्यांना सगळ्यांचं नीट ऐकू येत होतं. दादाचा चेहरा उतरला.

"मुद्दाम करतायत," तो म्हणाला. "कान तपासा म्हणालो ना, म्हणून."

"मुद्दाम करणारा माणूस रोज साडेसहाला उठून तुला हाक मारेल होय? अक्कल गहाण टाकलीस का?"

"मग माझा आवाज जातो कुठं? गावातल्या सगळ्यांना ऐकू येतो. दुकानदाराला विचार."

दुकानदार म्हणजे आमच्याच शहरात रेडिओचे सुटे भाग विकणारा, चाळिशीतला, स्वतःही परवानेवाला. त्याला खरंच दादाचा आवाज उत्तम ऐकू येत होता. त्यानं दोनदा म्हटलं, "काका, मी सांगतो ना मास्तरांना तुमचा निरोप." दादानं नकार दिला. मी म्हटलं, "पत्र टाक." त्यालाही नाही. "मी त्यांना बोललो ते या माइकवरून," तो म्हणाला. "माफी मागायची तर इथूनच मागेन. दुसऱ्याच्या तोंडून नाही." म्हणजे माफी मागायची आहे हे त्याचं ठरलं होतं. कशाबद्दल, ते मात्र त्याला अजून कळलं नव्हतं.

तेव्हा त्यानं नवीन मीटर घ्यायचं ठरवलं. जुन्यावर शंका घेणं त्याला जड गेलं असणार, पण प्रमाण मीटरशी ताडल्याशिवाय निकाल द्यायचा नाही ही चौतीस वर्षांची सवय. आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं पाच मीटरं काचेवर मांडली. दादानं प्रत्येक उचललं, कानाशी धरून हलवलं, मागचा पत्रा अंगठ्यानं दाबून पाहिला. मग प्रश्न सुरू झाले. शंभर वॅटवर किती टक्के चूक? पाच वॅटवर किती? बोलताना आवाज चढतो तेव्हाचा आकडा दाखवतं की सरासरी? आकडे उमटणारं एक होतं, ते त्यानं लगेच बाजूला सारलं. "आकडा उड्या मारतो. काटा कुठून कुठं गेला ते दाखवतो." दुसऱ्याला थोडी शक्ती मोजायची लहान पट्टी नव्हती. "दोनशेच्या पट्टीवर तीन-चार वॅट म्हणजे काटा हललाच नाही. लहान पट्टी हवीच."

"काका, तुमचा सेट शंभरचा," दुकानदार म्हणाला. "लहान पट्टी तुम्हाला कशाला लागतेय?"

"लागत नाही म्हणून नसावी, असं कुठं आहे?"

दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, लोक घर घेतानाही एवढं विचारत नाहीत." शेवटी त्यानं तीन मीटरं दादाला घरी तपासायला दिली. दादाला ओळखत होता म्हणून दिली.

दोन दिवस मधल्या खोलीची तपासणी विभागातली खोली झाली. दादाकडे एक लोखंडी डबा होता, त्याला ते लोक डमी लोड म्हणतात, म्हणजे खोटी अँटेना. सेटची सगळी शक्ती तो डबा गिळतो आणि नुसता गरम होतो. बाहेर काही जात नाही, मागे काही येत नाही. सेट तपासताना दुसऱ्याला त्रास नको म्हणून तो जोडतात. दादानं तिन्ही मीटरं त्या डब्यावर ताडली आणि त्यातलं एक निवडलं, मोठ्या तबकडीचं, तीन पट्ट्यांचं. ते खऱ्या अँटेनाच्या केबलला लावलं आणि माइकची कळ दाबली. एकास एक. जुन्या मीटरनंही तेच सांगितलं होतं.

"बघ," तो म्हणाला. पण बोलण्यात जोर नव्हता. मीटर चुकीचं निघालं असतं तर मास्तरांना ऐकू का जात नाही ते समजलं असतं. आता सगळा दोष पुन्हा मास्तरांवर गेला, आणि ते त्याला सोसत नव्हतं.

तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी नेहमीप्रमाणे तीन हाका मारल्या, थांबले, आणि "काही नाही" म्हणण्याऐवजी म्हणाले, "मीटरवाले, तुम्ही असाल तर सांगून ठेवतो. मी मुलीकडे जातोय, कायमचा. तिथं अँटेना लावू देत नाहीत. रविवारी आठ वाजता माणसं येतील खांब उतरवायला. त्या दिवशी साडेसहाला शेवटची हाक मारेन."

दादानं माइकमध्ये इतक्या मोठ्यानं उत्तर दिलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडली. मास्तरांना काही ऐकू गेलं नाही.

तो टेबलावर दोन्ही हात ठेवून बसला. मी चहा ठेवला, तो निवला, मी दुसरा आणला. मग मी त्याच्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि नव्या मीटरकडे बघत विचारलं, "हे एकास एक आधीपासून आहे का रे?"

"नाही. अँटेना नवीन होती तेव्हा एकास दीडच्या आसपास असायचं."

"म्हणजे म्हातारपणी सुधारली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या वॉर्डात ऐंशीच्या म्हातारीचा रक्ताचा रिपोर्ट विशीतल्या पोरीसारखा आला," मी म्हटलं, "की डॉक्टर खूश व्हायचे. मी आधी जाऊन नळीवरचं नाव बघायचे. दादा, तू मोजतोस ते इथं, सेटच्या तोंडाशी. वर गच्चीत किती पोचतं ते कधी मोजलंस?"

"केबल मी स्वतः जोडलीय. जोडाला सील आहे."

"तुझंच ना?"

 त्यावर तो एकच शब्द बोलला. "डबा," म्हणाला, आणि लोखंडी डब्याकडे बोट केलं. मला आधी कळेना. मग त्यानं समजावलं, हळूहळू, स्वतःलाच समजावत असल्यासारखं. केबलमध्ये पाणी शिरलं असेल तर केबल सगळी शक्ती वाटेतच गिळते. वर पोचतं ते थेंबभर, गावातल्या गावात पुरेल एवढंच, मग परत येणार काय? परत काही आलं नाही की इथलं मीटर म्हणतं, उत्तम.

शनिवारी सकाळी दुकानदार दुकान बंद ठेवून आला. दादाला गुडघ्यांमुळे पाच मजले चढवेनात, पण तो चढला, प्रत्येक जिन्यावर थांबत. डबीजवळ पोचल्यावर दुकानदारानं पक्कड पुढे केली. दादानं ती घेतली नाही. आपल्या हातानं, आपलं सील, नखांनी वाकवून वाकवून तोडलं. आत जोडावर गुंडाळलेली चिकटपट्टी कधीच कुजली होती. नवं मीटर जोडाशी लावलं, पुढे डमी लोडचा डबा लावला, दुकानदार आणि मी वर थांबलो, दादा पुन्हा पाच मजले उतरून सेटपाशी गेला आणि मला फोन केला.

"आता कळ दाबतो. काटा सांग."

"हलला नाही."

"लहान पट्टीवर घे."

दुकानदारानं बटण फिरवलं. मी चष्मा पुसला. "चार," मी म्हटलं.

"चाळीस?"

"चार रे. शंभरातले चार."

त्यानं फोन ठेवला.  नंतर दुकानदारानं केबल मधोमध कापली तेव्हा तिच्यातून पाणी ठिबकलं, आणि आतली तांब्याची जाळी काळीहिरवी होऊन गेली होती. दुकानदार ती बोटांत धरून म्हणाला, "काका एवढे दिवस हिलाच सांगत होते." मी त्याला गप्प बस म्हटलं.

दुपारपर्यंत नवी केबल टाकून झाली. जोडाला या वेळी दादानं सील लावलं नाही. वर चौऱ्याण्णव वॅट पोचत होते, आणि आमच्या खोलीतल्या मीटरवर परत येणाऱ्या शक्तीचा काटा थोडासा उचलला होता. पैकीच्या पैकी नव्हतं. एकास दीड.

रविवारी तो पाचलाच उठला. बोलायचं होतं ते त्यानं कागदावर लिहून ठेवलं होतं, चार ओळी. साडेसहाला मास्तरांची हाक आली, पूर्वीसारखी मोठी, खणखणीत. दादानं उत्तर दिलं. नुसतं नाव आणि "ऐकतोय मास्तर" एवढंच.

 मग मास्तर अगदी हळू म्हणाले, "मीटरवाले?"

"हो."

"अहो, स्पष्ट येताय तुम्ही. शेजारी बसल्यासारखे." मग हसण्याचा आवाज आला आणि तो मधेच तुटला. "आज कसं काय ऐकू येतंय मला?"

दादानं कागद उचलला, खाली ठेवला. म्हणाला, "केबलमध्ये पाणी होतं, मास्तर. माझ्या. मीटर मी चुकीच्या जागी लावलं होतं. तुमचे कान बरोबर होते. मी तुम्हाला बोललो ते चुकीचं बोललो."

 मी दारात उभी होते, हातात फडकं होतं.

"मला कळायला हवं होतं," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही मीटर बघून सांगितलंत. त्या दुकानदारालाही विचारलं मी, तो म्हणाला, काकांचा आवाज तर उत्तम आहे. मग म्हटलं, आपलेच कान चाललेत. आधी तुम्ही गेलात, आता एकेक जण जाईल. डॉक्टरकडेही गेलो नाही. तुमच्या मीटरनं सांगितल्यावर डॉक्टर आणखी काय सांगणार? मुलगी तीन वर्षं मागे लागली होती, मी नाहीच म्हणत होतो. पण कान गेलेला माणूस एकटा कसा राहणार? म्हणून विकलं घर. परवाच सह्या झाल्या."

दादाचा हात माइकवर होता. कळ दाबलेली नव्हती.

"मीटरवाले? आहात ना?"

"आहे."

"असू द्या हो. मुलगी चांगली आहे. तुमच्याकडे तापमान किती आज?"

दादानं तापमान सांगितलं. मास्तरांनी त्यांच्याकडचं सांगितलं. मग ते दीड तास बोलले, स्क्रू, तारा, मास्तरांच्या अंगणातला खांब कसा उभा केला होता ते. आठला मास्तर म्हणाले, "माणसं आली," आणि सेट बंद झाला.

दादा उठला नाही. मी आत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असं आमच्यात नसतं, तरी ठेवला. म्हटलं, "तू मुद्दाम नाही केलंस."

"मुद्दाम केलं असतं तर त्यांनी मानलं नसतं," तो म्हणाला. "मी खात्रीनं सांगितलं, छोटे. खात्रीनं सांगितलं म्हणून त्यांनी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही."

सेटमधून नुसती खरखर येत होती. त्यानं तो बंद केला नाही, आणि मीही केला नाही.